मणक्यातला गॅप: एका खेड्यातल्या दवाखान्यातलं कंबरदुखीचं प्रकरण

एमआरआयची ती मोठी पिशवी तिनं माझ्या टेबलावर ठेवली, तेव्हा आत फिल्मसोबत भाकरीचं फडकंही होतं. सकाळच्या पहिल्या एसटीनं यवतमाळला गेलेली बाई संध्याकाळी घरी न जाता सरळ दवाखान्यात आली होती. वय 42, काम कापूस वेचणीचं आणि निंदणाचं, स्वतःची शेती नाही. मी तपासायच्या आधीच ती म्हणाली, "यात काय लिवलं हाय ते सांगा जी. घरच्याले काय सांगू?"

रिपोर्टात लिहिलं होतं की कंबरेच्या खालच्या दोन चकत्यांची (मणक्यांमधल्या गाद्यांची) झीज आहे, एक चकती थोडी फुगलेली आहे आणि नस दबलेली नाही. तपासणीला 5,500 रुपये लागले होते, ते बचत गटातून उचललेले. वेचणीचा भाव त्या हंगामात किलोला 10 रुपये होता. म्हणजे जाण्यायेण्याचं भाडं न धरताही हा कागद तिला 550 किलो कापसाला पडला.

ही हकीकत तिच्या परवानगीनं लिहितोय. नाव देत नाही, गावही नाही. वर्धा नदीच्या अलीकडचा यवतमाळ जिल्हा, काळी जमीन, पऱ्हाटी (कापसाचं पीक), सोयाबीन आणि तूर एवढं पुरे. मी इथला जनरल प्रॅक्टिशनर. दवाखान्यात मी, एक सिस्टर आणि एक कंपाउंडर.

आधी वैद्यकीय बाजू. पाय सरळ उचलून पाहिला, ताकद पाहिली, पावलांची संवेदना पाहिली. लघवी-संडासवर ताबा आहे का, मांड्यांच्या आत बधीरपणा आहे का, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हे सगळं विचारलं. आपल्याकडे हे प्रश्न गुळगुळीत झाले असले तरी टाळता येत नाहीत, कारण मणक्याचा टीबी इथे पुस्तकातला आजार नाही. विदर्भात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार, ज्यात कंबरेची आणि खुब्याची दुखणी वेगळ्याच कारणानं येतात. दुसरी पाण्यातला फ्लोराइड: यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत पाठ ताठ होत जाण्यामागे बोअरचं पाणी असतं. तिच्यात यातलं काही नव्हतं. कंबरदुखी घेऊन येणाऱ्या शंभरातल्या नव्वदेक माणसांसारखीच ही साधी, ठोस कारण न सापडणारी कंबरदुखी होती. तिच्या वयात, म्हणजे चाळिशीत, ज्यांची कंबर कधी दुखलीच नाही अशांचे स्कॅन काढले तरी 68 टक्क्यांत चकतीची झीज दिसते आणि 50 टक्क्यांत चकती फुगलेली दिसते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यातले हे आकडे आहेत. तिच्या रिपोर्टातलं बहुतेक सगळं वयाचं होतं, पांढऱ्या केसांसारखं.

हे मी तिला समजावून सांगत होतो. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग गॅप भरून निघते का जी?"

कुठला गॅप? रिपोर्टात तो शब्दच नव्हता.

"तुमीच तं सांगतलं होतं. मणक्यात गॅप आला म्हणून."

कंपाउंडरनं जुनं कार्ड काढलं. दोन वर्षांपूर्वीचं, माझ्याच अक्षरातलं. गोळ्या, इंजेक्शन, कंबरेचा पट्टा, आणि खाली: जड उचलू नये, वाकू नये, आराम. वेचणी करणाऱ्या बाईला मी वाकू नको म्हणून लिहून दिलं होतं. 'गॅप' हा शब्द कार्डावर नव्हता, पण तोंडी दिला असणार, कारण त्या काळात तो मी सगळ्यांनाच देत होतो. सोपा शब्द, रोग्याला पटतो, वेळ वाचतो. तिनं त्याचा अर्थ लावला भोक. "मले वाटे, वाकलं का मणका निसटन." म्हणून दोन वर्षं ती पाण्याचा गुंड (हंडा) उचलत नव्हती, खाली बसून उठताना भिंत धरत होती, वेचणीला गेली तरी ताठ कंबरेनं अर्धाच दिवस टिकायची. कंबरेचे स्नायू त्यातच गेले. दुखणं वाढलं, तर गॅप वाढला असणार या भीतीनं पैसे उचलून एमआरआय.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. लागली. पण दुसऱ्या दिवशी ओपीडीत कंबर धरून आलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न जास्तीचा विचारला: तुमच्या मते कंबरेत काय झालंय? उत्तरं वहीत लिहिली. गादी सरकली, नस चढली, वात भरला, पाणी सुकलं, आणि सगळ्यांत जास्त वेळा गॅप. यातले निम्मे शब्द डॉक्टरांनीच गावात सोडलेले होते.

रोग्यांना टेबलाशी बसवायचं म्हणजे काय

दवाखाना सुधारायचा तर रोग्यांना सोबत घ्या, ही कल्पना माझी नाही. इंग्लंडमध्ये 2015 पासून प्रत्येक जनरल प्रॅक्टिसला रोग्यांचा सहभाग गट ठेवणं करारानंच बंधनकारक आहे. तिथली एक पद्धत मला विशेष आवडली होती. रोग्यांच्या मुलाखती चित्रित करायच्या, कुठे मन दुखावलं, कुठे धीर आला ते क्षण वेचायचे, मग रोगी आणि कर्मचारी यांनी एकत्र बसून ते बघायचं आणि बदल मिळून ठरवायचे. आपल्याकडेही हे अगदी नवं नाही. 2007 मध्ये महाराष्ट्रात सरकारी आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला अमरावती होता. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राला गुण द्यायचे, जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी उत्तर द्यायचं. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे. खासगी दवाखान्याला मात्र विचारणारं कोणी नाही. आमच्याकडे रोगी नाराज झाला तर दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, आणि आम्हाला कळतही नाही काऊन गेला ते.

मी तिलाच विचारलं, चारपाच जणांना घेऊन बसू या का? ती हसली. "बसून काय कराचं जी?" प्रश्न रास्त होता.

सात जण जमले. चार बाया, तीन पुरुष. त्यांत एक सालदार, एक ऑटो चालवणारा, एक निवृत्त शिक्षक. खरं सांगायचं तर हे सातही जण माझ्याकडे टिकलेले होते. जे चिडून सोडून गेले ते या खोलीत नव्हते, आणि त्यांची तक्रार बहुधा जास्त मोलाची होती. पुढे आशाताईंच्या ओळखीनं अशा दोघींना आणता आलं.

जागेवरून पहिला धडा मिळाला. मी म्हटलं दवाखान्यात बसू. नको, तिथे तुमची खुर्ची आहे, असं शिक्षकांनी सांगितलं. मारुतीच्या पारावर? सिस्टर हळूच म्हणाली, सर, पारावर आमच्या पुऱ्यातल्या बाया येणार नाहीत. शेवटी जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा. दिवस बाजाराचा, कारण त्या दिवशी मजुरी बंद असते आणि चुकारा झालेला असतो. इतर कुठल्याही दिवशी बोलावलं असतं तर माझ्या सुधारणेसाठी त्यांचा रोज बुडाला असता.

दुसरा धडा रेकॉर्डिंगचा. इंग्लंडच्या धर्तीवर मोबाइलवर आवाज घेऊ, नाव न सांगता ऐकवू, असा माझा बेत होता. एक म्हातारी म्हणाली, "नाव नसन तरी काय झालं? या गावात खोकलला तरी ओयखू येते." बेत तिथेच मोडला. त्याऐवजी सिस्टरनं प्रत्येकाचं घरी जाऊन ऐकलं, लिहून घेतलं आणि सगळ्यांचं मिसळून स्वतःच्या शब्दांत वाचून दाखवलं.

पहिली बैठक फसली

पहिली बैठक फसली, हे थोडक्यात सांगून मोकळा होतो. पुरुष बोलले, बाया ऐकत राहिल्या. मागण्या आल्या त्या अशा: दवाखान्यात शेकण्याची मशीन आणा, एमआरआयला सवलत मिळवून द्या, जिल्ह्याचा हाडांचा डॉक्टर महिन्यातून एकदा बोलवा. मी प्रत्येक मागणीवर ते का शक्य नाही हे सांगत गेलो. तासाभरानं सगळे उठले. ऑटोवाल्यानं जाताना विचारलं, "म्हणजे तुमाले आमचं ऐकाचं होतं का आमाले तुमचं?"

दुसऱ्या बैठकीला मी बाहेर बसलो. बायांसोबत फक्त सिस्टर.

व्हरांड्यात काय निघालं

बैठकीत ठरल्याप्रमाणे, परवानगी घेऊनच सिस्टरनं मला पुढच्या गोष्टी सांगितल्या. मी इतकी वर्षं ज्याला 'इंजेक्शनचं वेड' म्हणत होतो ते वेड नव्हतं. एकीनं हिशेब मांडला होता. गोळी घेतली, दोन दिवस घरी थांबली, तर दोन रोज गेले आणि मुकादम दुसरी बाई लावतो. सुई घेतली, उद्या शेतात. तिचा इंजेक्शनवर विश्वास नव्हता, उद्याच्या कामावर डोळा होता. आम्ही डॉक्टर मंडळी परिषदांमधून 'रोगी इंजेक्शन मागतात' म्हणून हसतो. त्यांना विचारत नाही की उद्या काय काम आहे. दुखणं किती दिवसांचं, कुठे जातं, खोकताना वाढतं का, हे सगळं मी विचारायचो. उद्या डवरणी आहे की निंदण, की चौथी वेचणी संपत आलीय, हे कधीच नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. चारपैकी तिघींनी सांगितलं की 'कंबर दुखते' हे त्या माझ्यापुढे सांगायचं म्हणून सांगतात. खरं कारण अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, ओटीपोटात ओढ. पुरुष डॉक्टरपुढे, आणि पडद्यापलीकडे कंपाउंडर बसलेला असताना, हे कसं बोलायचं? मग मी कंबरेला गोळ्या देतो, पट्टा देतो, आणि बाई घेऊन जाते. एकीनं दुसरीकडे कुठेतरी गर्भपिशवी काढून घेतली होती, पिशवी काढली की कंबर थांबते असं सांगितलं गेलं म्हणून. कंबर तशीच आहे. हे ऐकून मला डॉक्टर राणी आणि अभय बंग यांचं गडचिरोलीतलं काम आठवलं. दोन गावांतल्या बायांची तपासणी केली, तेव्हा 92 टक्के बायांना स्त्रीरोग होते. ते 1989 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, मी विद्यार्थी असताना परीक्षेसाठी पाठ केलं, आणि माझ्याच दवाखान्यात ते कंबरेच्या नावाखाली रोज येऊन जात होतं.

तिसरी गोष्ट व्यायामाची. मी एक छापील कागद देत असे, चटईवर झोपून करायच्या आसनांचा, चित्रातली बाई पंजाबी ड्रेसमध्ये. सगळ्यांनी तो कागद सांभाळून ठेवला होता. केला कोणीच नव्हता. लुगडं नेसून, सासऱ्यासमोर, एका खोलीच्या घरात पाय वर कोण करणार? सालदारानं मला वेगळं सांगितलं: "दिवसभर वाकतो, थो व्यायाम नाई का?" याला उत्तर द्यायला मला वेळ लागला. काम आणि व्यायाम यांत फरक आहे, पण तो फरक चित्राच्या कागदानं समजत नाही.

काय बदललं

पहिला बदल फुकटचा होता. दवाखान्यातून 'गॅप' हा शब्द हद्दपार. त्याऐवजी काय म्हणायचं हे ठरवायला मात्र एक अख्खी बैठक गेली. मी सुचवलेले 'स्नायूंचा ताण' वगैरे शब्द कोणाला पटेनात. शेवटी ज्या बाईपासून हे सुरू झालं तिनंच सांगितलं, की म्हणा कंबर 'आखडली' आहे. आखडलेलं मोकळं होतं. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं: शब्दातच पुढची वाट असते. गॅप भरून येत नाही, आखडलेली कंबर सुटते.

दुसरं, केसपेपरवर नवीन ओळ: 'उद्याचं काम'. त्यावरून सल्ला बदलतो. वेचणीचे शेवटचे आठ दिवस राहिले असतील तर विश्रांती लिहिण्यात अर्थ नाही. पोट आणि मूत्रपिंडाचा विचार करून मोजक्या दिवसांची गोळी, आणि काम थांबवायचं नाही, पण वाटून घ्यायचं. इथल्या उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो, अशा वेळी पाणी कमी पिणाऱ्या मजुराला दुखण्याची गोळी लांबवली तर मूत्रपिंडाला धोका असतो. हे मी आधीही सांगत असे. आता गटातलेच लोक सांगतात, आणि त्यांचं ऐकलं जातं.

इंजेक्शन मी बंद केलं नाही. तसं पत्रक लावलं असतं तर लोक शेजारच्या गावात गेले असते. पण देण्याआधी दोन वाक्यं ठरली: गोळीही जवळपास तेवढंच काम करते, आणि चुकीच्या जागी बसलेल्या सुईनं पाय लुळा पडू शकतो. ही दोन्ही वाक्यं गटानंच भाषेत बसवली. मागणी कमी झाली असं मला वाटतं, मोजमाप मी ठेवलेलं नाही.

सर्वांत रंगलेली चर्चा ओटीची. वेचणारी बाई कमरेला कापड बांधून पुढे ओटी करते आणि त्यात कापूस भरत जाते. ओटी भरत जाते तसं वजन पुढे लटकतं, आणि वाकलेल्या कंबरेवर त्याचा भार सगळ्यांत वाईट पडतो. मी पुस्तकी उपाय सांगितला: पिशवी खांद्यावर घ्या. बायांनी करून पाहिलं आणि दोन दिवसांत नाकारलं, कारण पिशवी पऱ्हाटीत अडकते, बोंडाच्या काट्यांनी फाटते आणि हात मंदावतो. किलोवर मजुरी असताना हात मंदावणं परवडत नाही. मग त्यांनीच काढलेला तोडगा: ओटी अर्धी भरली की तासाच्या (पिकाच्या ओळीच्या) शेवटी रिकामी करायची, धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गाठोड्यात टाकायची, आणि तिथे दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाचदा मागे वाकायचं. व्यायामाचा माझा कागद इथे मेला आणि धुऱ्यावर जिवंत झाला. त्यात लाज नाही, चटई नाही, कोणी पाहिलं तरी बाई कंबर सरळ करतेय एवढंच दिसतं. घरी करायचे दोन प्रकार खाटेवर बसून उठण्याचे आणि भिंतीला टेकून करायचे ठेवले.

गुरुवारी दुपारी दोन तास फक्त बायांसाठी, सिस्टर आधी बोलणार, कंपाउंडर मेडिकलच्या कामाला बाहेर. अंगावर जाण्याची तक्रार असेल तर उपचार किंवा ग्रामीण रुग्णालयात चिठ्ठी. हा बदल कंबरदुखीचा म्हणून कोणी मोजणार नाही.

आणि एक कार्ड, ज्याच्या एका बाजूला फक्त 'लगेच या' अशी लक्षणं: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसतो ती जागा बधीर पडली, पाय लुळा पडला, ताप आणि वजन उतरणं, उंचावरून पडल्यानंतरचं दुखणं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं शिक्षकांच्या नातीनं काढली. बसायच्या जागेचं चित्र काढताना बरीच हसाहस झाली.

जिथे पटलं नाही

पट्ट्यावरून आमचं अजून जमलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत समज देणं, व्यायाम, काही हातानं करायचे उपचार यांना जागा आहे, आणि कंबरेचे पट्टे, वजनं लावून ओढणं, अफूवर्गीय वेदनाशामकं हे सरसकट वापरू नये असं आहे. हे मी गटापुढे ठेवलं. ऑटोवाला म्हणाला, पट्टा काढला तर मी खड्ड्यांतून राळेगावपर्यंत जाऊ शकत नाही, संघटनेच्या माणसाले माह्या ऑटोत बसवा. बायांचं म्हणणं वेगळं होतं: पट्टा दिसला की घरचे गुंड उचलायला लावत नाहीत. पट्टा कंबरेला आधार देत नसेल, घरात देतो. यावर माझ्याकडे मार्गदर्शक सूचना नाही. सध्या तडजोड अशी, की नवीन कोणाला मी लिहून देत नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांचा काढायला लावत नाही, आणि दिवसात ठरावीक वेळच घाला असं सांगतो.

मुकादमांशी बोलायचा प्रयत्न साफ वाया गेला. तासाच्या शेवटी अर्धी ओटी रिकामी करायला वेळ द्या म्हटलं, तर एकानं सांगितलं की किलोवर मजुरी आहे, वेळ त्यांचाच जातो, माझा नाही. बरोबर होतं त्याचं. दवाखाना जिथे संपतो ती रेघ मला तिथे दिसली.

आणि सहभागाच्या नावाखाली मी फुकट काम करून घेतोय का, हा प्रश्न शिक्षकांनी उपस्थित केला. बैठकीला चहा-पोहे होते, मानधन नव्हतं. आता गटातल्यांकडून तपासणी फी घेत नाही. त्यातून मिंधेपणा येतो, मग माझ्यावर टीका कोण करणार, हेही त्यांनीच बोलून दाखवलं. उत्तर सापडलेलं नाही.

ती बाई त्या हंगामाच्या शेवटच्या वेचणीला पूर्ण दिवस गेली. दुखणं थांबलेलं नाही, दहात सहा होतं ते तीन-चार झालंय असं ती बोटांवर दाखवते. गुंड पुन्हा उचलते. एमआरआयची फिल्म तिनं दारावर लावलीय, उन्हाची तिरीप आत येऊ नये म्हणून. बचत गटाचे दोन हप्ते बाकी आहेत.

गटात आता अकरा जण आहेत. पुढच्या बाजाराच्या दिवशीचा विषय पुरुषांनी ठरवलाय: पाठीवरचा फवारणीचा पंप. भरला की सोळा लिटर पाणी, वर पंपाचं वजन, आणि एका खांद्याचा पट्टा नेहमी तुटलेला. सालदारानं स्वतःचा पंप आणून दाखवायचं कबूल केलंय. मला सांगितलंय की तो पाठीवर घेऊन आधी मी शाळेच्या पटांगणाला दोन चकरा मारायच्या.